कुदळीचा सूर

मी एक जुना आईढोल आहे, आणि आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. गेली चाळीस वर्षं या गावात माझ्या बोलण्यावर कुणाचाच बसलेला नाही, तेव्हा तुम्ही काही पहिले नाही. तरी बसा. मी हाक देतो, "आलो ओ!" आणि तुम्ही ओरडा, "आलो!" आमच्या इगबोअपा गावात 'आलो' म्हणजे गोष्ट, आणि ती अशीच सुरू होते. शाबास. अयानबंके, तू जरा जास्तच ओरडलीस. तुझा बाप घरात नाही म्हणून चाललंय.

आणि हो, दाराशी चटईवर ती म्हातारी बसली आहे ना, गडद निळं वस्त्र गुंडाळून, तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती सेगिलोलाआजी. तिला ऐकू कमी येतं म्हणतात. ती अयानबंकेच्या बापाची, म्हणजे आमच्या अयानवालेची, वाट बघते आहे. परवा तिचा नवरा अकानबी गेला. चांगला पिकून गेला, नातवंडांची शेंबडी नाकं पुसून गेला. आज ऊन कललं की त्याला पोचवायचं आहे. आमच्याकडे अशा म्हाताऱ्याच्या पुढे एक आईढोल चालतो. तो त्याची सगळी बिरुदं घेतो आणि शेवटी बायकोचं नाव घेऊन 'हिचा नवरा, हिचा नवरा, हिचा नवरा' असं तीनदा म्हणतो. कुठला ढोल न्यायचा ते बायकोनं ठरवायचं असतं.

या घरात खुंट्या दोन. एकीवर मी, धुळीनं माखलेला. दुसरीवर तो नवा, तेल लावलेला, घुंगरं लखलखणारी.

मला जायचं आहे, मित्रांनो. फार जायचं आहे. माझ्या दोन्ही टोकांना तोंडं आहेत, पण तिच्याकडे मागायला त्यातलं एकही चालत नाही.

असो. सुरुवातीपासून सांगतो.

नावात आई असली तरी मी बाप्या आहे. ढोलांच्या ताफ्यात जो पुढे बोलतो त्याला आई म्हणतात आणि बाकीचे मागून हं हं करतात, एवढाच अर्थ. माझी कंबर बारीक, दोन्ही टोकं रुंद. एका टोकाच्या कातड्यापासून दुसऱ्या टोकाच्या कातड्यापर्यंत चामड्याच्या दोऱ्या. वाजवणारा मला काखेत धरतो, दोऱ्या दाबतो, की सूर चढतो. सोडतो, की उतरतो. आमची भाषाच चढउताराची. त्यामुळे मी नुसता वाजत नाही, बोलतो.

माझं लाकूड रस्त्याकडेच्या झाडाचं. रानाच्या पोटातल्या झाडाचा ढोल मुका निघतो, कारण त्यानं माणसाचं बोलणं ऐकलेलंच नसतं. माझ्या झाडाखाली मात्र दोन गावांच्या बायका बाजाराला जाताना टोपल्या टेकवायच्या. दीडशे वर्षांच्या चहाड्या त्या लाकडात मुरल्या आहेत.

आणि त्या झाडाच्या ढोलीत कोण राहिला होता माहीत आहे? इजापा कासव! हसू नका. इजापाला एकदा वाटलं, राजासारखा आवाज आपल्याला मिळाला तर शेतात राबायची गरज काय? म्हणून तो ढोलीत शिरला आणि आतून घुमत्या आवाजात म्हणाला, "मी झाडातला राजा बोलतोय. येणाऱ्या-जाणाऱ्यानं माझ्या पायाशी एकेक कंद ठेवावा." हरीण आलं, कंद ठेवून गेलं. माकड आलं, ठेवून गेलं. इजापा खात सुटला. खाऊन खाऊन इतका फुगला की त्याला ढोलीतून बाहेरच पडता येईना. शेवटी हत्ती आला आणि म्हणाला, "महाराज, मी कंद आणलेला नाही, पण पाठ खाजते आहे, जरा अंग घासू का?" मग झाडातला राजा जे किंचाळला, ते सगळ्या रानानं ओळखलं.

त्याच खोडातून मला कोरलं. तेव्हा माझ्यात थोडं खोटं आलं असेल, तर ते इजापाचं. माझं नव्हे.

"पण ढोल आजोबा," अयानबंके म्हणते, "तुम्ही मागच्या वेळी सांगितलंत की इजापा तुमच्या झाडावरून पडला होता."

दोन्ही झालं. मध्ये बोलू नकोस.

कातडं माझं शेळीचं. ती शेळीही भांडखोर होती म्हणतात. तिला जन्मात कुणी गप्प बसवू शकलं नाही, मेल्यावर तुझ्या पणजोबांनी, अयानदोकुननी, तिला माझ्या तोंडावर ताणलं. अयानदोकुन माझा धनी. ढोलवाल्यांच्या आद्यपुरुषाचं नाव अयान, म्हणून या घरातल्या प्रत्येकाच्या नावाला अयान लागलेला. त्यांनी मला पहिल्यांदा काखेत घेतलं आणि कानात सांगितल्यासारखं म्हणाले, "हे बघ लेका, तीन शब्द आधी शिक. हे जमले की सगळं जमलं."

ते तीन शब्द तुम्हालाही शिकवतो. नवरा, कुदळ आणि होडी. आमच्या भाषेत तिघांचा उच्चार एकच, सूर तेवढा वेगळा. सूर सपाट ठेवला की नवरा. शेवट वर चढला की कुदळ. खाली उतरला की होडी. म्हण बरं, अयानबंके.

"सपाट नवरा, चढती कुदळ, उतरती होडी."

आणि हवेचं काय?

"हवा ओली असली की कातडं सैल पडतं, सूर खाली घसरतो. कोरडी असली की ताणतं, सूर वर चढतो. म्हणून वाजवायच्या आधी ढोलाला हात लावून बघायचा, ओला असला तर शेकोटीची ऊब द्यायची, ताणलेला असला तर सावली."

बघा, पोर हुशार आहे. हे सगळं मीच शिकवलंय.

तर मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं फार थाटाची होती. लग्नात मी बोललो नाही तर नवरी उंबरा ओलांडायची नाही. एकदा पावसाला मी 'थांब' म्हणालो, तो तीन दिवस वेशीवर उभा राहिला, बसायचीही परवानगी मागेना. शेवटी बायकाच भांडायला आल्या, कारण धुणं वाळत होतं पण कंद पोसत नव्हते. मग मी 'ये' म्हणालो, तेव्हा कुठे आला. लोक अयानदोकुनच्या कपाळाला बक्षिशीचं नाणं चिकटवून म्हणायचे, "काका, तुमचा ढोल बोलतो की तुम्ही?" ते म्हणायचे, "मी दाबतो, बोलतो तो." हे ऐकून माझी घुंगरं आपोआप वाजायची.

आणि बाजारात सेगिलोला असली, की मी दुप्पट बोलायचो. त्या वेळी ती तरुण होती. तिच्यासारखं हसणारं माणूस या पंचक्रोशीत नव्हतं. डोक्यावरची टोपली खाली ठेवून, मांडीवर हात मारून, सगळा बाजार मागे वळून बघेल असं हसायची. अयानदोकुन आणि मी येताना दिसलो की तीच आधी टोला द्यायची.

"काय काका, आज शेळी शिव्या देणार की आशीर्वाद?"

"आधी तुझ्या टोपलीतलं दाखव, मग ठरवू."

"टोपलीत काही नाही. शेळीला बघून पाला लपवलाय मी."

मग मी तिच्या नावाचं काहीतरी वाकडंतिकडं बिरुद वाजवायचो आणि ती हसायची. तिला हसवलं की मला वाटायचं, माझ्यासारखा ढोल ओयोच्या राजाच्या दरबारातही नसेल.

मग तिचा अकानबी कोलाच्या बिया विकायला घेऊन उत्तरेच्या व्यापाऱ्यांबरोबर गेला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तांड्यातली दोन माणसं परतली, ती म्हणाली, अकानबी वाटेत तापानं गेला. घरात त्याची आंधळी आई होती. तिनं मानलं नाही. ती रोज दाराशी बसायची आणि येणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकायची. सेगिलोलानं मानलं की नाही, ते कुणाला कळलं नाही. तिनं बाजार सोडला नाही, शेत सोडलं नाही. हसणं मात्र सोडलं. मी तिच्यासमोर काय काय वाजवलं! तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. मग एका आठवड्यात तिची कुदळ नदीकडच्या शेतात हरवली, तेव्हा तिनं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी आरडाओरड केली. त्या आरडाओरडीचंसुद्धा आम्हाला कौतुक वाटलं. निदान आवाज तरी फुटला.

आता पुढचं सांगायला जीभ वळत नाही. मला जीभ नाही, पण तुम्हाला समजलं असेल.

त्याच आठवड्यात एका सकाळी नदीकडून एक मासेवाली आली. तिनं अयानदोकुनला सांगितलं, "नदीच्या काठाला एक माणूस बसलाय. अकानबी म्हणवतो. बायकोला बोलवा म्हणतो." निरोप टाकून ती पुढच्या बाजाराला निघून गेली.

आमच्या गावची रीत अशी की मेल्याची आवई उठलेला माणूस परत आला, तर थेट घरात शिरत नाही. अकाली मेलेली माणसं दुसऱ्या मुलखात जाऊन जिवंतासारखी राहतात, बाजारहाट करतात, लग्नंसुद्धा करतात. तेव्हा आलेला आपला आहे की तसला, हे त्याच्या बायकोनं नदीवर जाऊन ठरवायचं. ती त्याला त्याच्या बिरुदानं हाक मारते. जिवंत असेल तर तो ओ देतो, आणि मग ती त्याला हाताला धरून आणते. ती आली नाही, तर त्यानं आल्या वाटेनं जायचं.

अयानदोकुन मला घेऊन बाजाराच्या उंचवट्यावर गेले. मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असा बोललो. 'सेगिलोला, नदीवर जा. तुझा नवरा सापडला.'

असं बोलायला हवं होतं.

मी बोललो, 'सेगिलोला, नदीवर जा. तुझी कुदळ सापडली.'

सेगिलोला अंगणात कंद कुटत होती. तिनं मुसळसुद्धा खाली ठेवलं नाही. ताडी काढणारा अदिगुन भोपळे खांद्यावर टाकून नदीकडे निघाला होता, त्याला तिनं कुंपणावरून हाक मारली.

"अदिगुनदादा, नदीवरच चाललात ना? तिथं कोण असेल त्याला सांगा, राहू दे म्हणावं तिथंच. जुनं झालं होतं, कामात जोर उरला नव्हता. दुसरं बघून ठेवलंय मी."

आमच्या भाषेत तो, ती आणि ते हे सगळं एकाच अक्षरात उरकतं. अदिगुन सरळ माणूस. तो नदीवर गेला, काठावर धुळीनं ओळखू न येणारा एक माणूस बसलेला बघितला, आणि निरोप अक्षरही न गाळता दिला. "सेगिलोला म्हणते, राहू दे तिथंच. जुनं झालं होतं, कामात जोर उरला नव्हता. दुसरं बघून ठेवलंय."

मित्रांनो, तुमच्यापैकी दोघं हसलात. मीही एके काळी हसलो असतो.

अयानदोकुनला वाटलं, ती गेलीच असेल. त्यांना बारशाचं बोलावणं होतं, ते तिकडे गेले. मी तिथं बाळाला बिरुदं देत बसलो. ऊन डोक्यावर आल्यावर परत येताना सेगिलोला अंगणातच दिसली, हाताला कंदाचा लगदा लागलेला.

"अगं, तू इथंच? भेट झाली का?"

"कुणाची? कुदळीची? अदिगुनदादांबरोबर निरोप धाडला मी. काका, एका कुदळीसाठी एवढा मोठा ढोल कशाला वाजवायचा?"

अयानदोकुनचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ते नदीकडे धावत सुटले, मी त्यांच्या काखेत आपटत होतो, आणि मागून ती धावत होती. काठावर कुणी नव्हतं. एका दगडावर उत्तरेकडच्या लाल चामड्याच्या चपला होत्या. बायकी मापाच्या. नव्याकोऱ्या.

तिनं त्या उचलल्या, तळवे घासून बघितले, आणि पायात न घालता वस्त्रात गुंडाळल्या. रडली नाही. आमच्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अकानबी चार वर्षांनी आला. त्याला कुठल्याशा बाजारात एका विणकरणीकडून कळलं की सेगिलोलानं दुसरं कुणी केलेलं नाही. ती नदीवर गेली, हाताला धरून त्याला घेऊन आली. पुढे त्यांना मुलं झाली, सगळं झालं. पण मधल्या काळात ती आंधळी म्हातारी गेली होती. शेवटच्या दिवसापर्यंत ती पावलं ऐकत होती. त्या नदीवर तिचा मुलगा एक सकाळभर बसला होता आणि तिला त्याचं पाऊल ऐकू आलं नाही, ते माझ्यामुळे. तिला पोचवताना मला नेलं नाही. शेजारच्या गावातून ढोल आणला. मी खुंटीवरून तो ऐकला. त्याला माझ्यासारखं बोलता येत नव्हतं, पण तो खरं बोलत होता.

अयानदोकुनना पंचांनी विचारलं. ते एवढंच म्हणाले, "चूक माझी." मग त्यांनी मला या खुंटीवर लावलं, एक तोंड भिंतीकडे करून, आणि मरेपर्यंत हात लावला नाही. कोळ्यानं माझ्या दोऱ्यांत घर केलं. उंदरानं एक घुंगरू नेलं. मी कुरकुर केली नाही. ज्याची लाज वाटते ते असं भिंतीकडे तोंड करूनच सांभाळायचं असतं, हे मी तिथं शिकलो.

"पण आजोबा, चूक झाली कशी?" अयानबंके विचारते. "तुम्ही तर तीन शब्द सगळ्यात आधी शिकला होतात."

तेच सांगतो. तेच तर सांगायचं आहे. त्या सकाळी... त्या सकाळी फार दव पडलं होतं. बघा, मला आदल्या दिवशी कुणी आत घेतलं नव्हतं, अंगणातच राहिलो. माझं कातडं ओलं झालं होतं. पार सैल. त्या ओलीमुळे सूर घसरला, आणि नवऱ्याची कुदळ झाली. माझा काय दोष? म्हणून सांगतो मित्रांनो, ढोलाला जपत जा. त्याला ओल लागू देऊ नका, वेळच्या वेळी आत घ्या, कोरड्या फडक्यानं पुसा, शेकोटीची ऊब द्या. वस्तू जपली नाही की तिच्याकडून अशी चूक होते, आणि मग बिचारीला चाळीस वर्षं...

"ओल?"

दाराशी सेगिलोलाआजी उभी राहिली होती. गुडघ्यावर हात टेकत ती माझ्यापर्यंत आली. तिच्या पायात लाल चामड्याच्या चपला होत्या, झिजून कागद झालेल्या. तिनं मला खुंटीवरून काढलं, वस्त्राच्या टोकानं माझ्या दोन्ही तोंडांवरची धूळ पुसली आणि कातड्यावर अंगठा ठेवला. मला वाटलं, सुटलो.

"मेल्या," ती म्हणाली, "ओल्या कातड्याचा सूर खाली घसरतो, असं आत्ताच या पोरीनं म्हणून दाखवलं ना? मग माझ्या नवऱ्याची होडी व्हायला हवी होती. कुदळ कशी झाली?"

माझी उरलेली घुंगरं वाजली, मी न हलता.

"गंमत केली," मी म्हणालो. "कातडं कोरडं होतं. सूर काकांनी आणि मी मुद्दाम चढवला. वाटलं, तू कुदळीला शिव्या देत नदीवर जाशील, आणि समोर अकानबी. दोन वर्षांनी तू हसशील. आम्हाला ते हसणं ऐकायचं होतं."

"अयानदोकुनकाका मरताना हेच सांगून गेले," ती म्हणाली. "मी बघत होते, तू कधी सांगतोस." मग तिनं मला आपल्या काखेत घातलं, एखाद्या ढोलवालीसारखं, आणि दाराकडे वळली. "चल. आज तीनदा म्हणायचंय. आणि सपाट म्हण हं, कुदळ म्हणालास तर तिथंच पुरीन तुला त्याच्याबरोबर."